अंगण ८ मीटरचं, माणसं ३५: नवी मुंबईतल्या वास्तुकला महोत्सवाचं परीक्षण

नवी मुंबईत हिवाळ्यात भरणाऱ्या वास्तुकला आणि डिझाइन महोत्सवाचा कार्यक्रम हातात आला की आधी त्याचे दोन ढीग करा. ज्यात प्रत्यक्ष इमारतीत, रस्त्यावर किंवा भिंतीपाशी उभं राहायला मिळतं ते कार्यक्रम एकीकडे. खुर्चीत बसून किंवा पॅनेलसमोर उभं राहून इमारतींची चित्रं बघायची ते दुसरीकडे. पहिल्या ढिगाला पैसे आणि सकाळ दोन्ही द्या. दुसऱ्याला उरलासुरला वेळ पुरतो.

त्यातही एकच गोष्ट करायची असेल तर बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजची फेरी करा. सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, ही वसाहत १९८३ ते १९८६ या काळात उभी केली. खाडीपलीकडे नवं शहर वसवावं ही मांडणी प्रवीणा मेहता, शिरीष पटेल आणि कोरिया या तिघांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात केली होती. पुढे १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य आर्किटेक्ट झाले. ज्याने शहराची दिशा सुचवली त्यानेच नंतर सात घरांमधल्या अंगणाची लांबी-रुंदी ठरवली, हे या जागी उभं राहून बघण्यात खरी मजा आहे.

रचना अशी. सात घरं एका अंगणाभोवती, अंगण ८ मीटर बाय ८ मीटर. असे तीन गट मिळून २१ घरं, त्यांच्यामध्ये १२ बाय १२ ची मोकळी जागा. त्या २१ च्या तीन गटांना मिळून २० बाय २० चं मोठं पटांगण. सगळं मिळून साडेपाच हेक्टरच्या आसपास जागेत साधारण ५५० कुटुंबं, आणि मूळ आराखड्यात एकही उंच इमारत नाही. प्लॉट ४५ पासून ७५ चौरस मीटरपर्यंत, म्हणजे कमी पगाराचा आणि बऱ्या पगाराचा माणूस यांच्या जागेत दुपटीचाही फरक नाही. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. प्रत्येक घर स्वतःच्या भिंतींवर उभं, कारण पुढे ज्याला वाढवायचं त्याने शेजाऱ्याला न विचारता वाढवावं. फक्त संडास-न्हाणीघरं शेजारच्या घराला लागून जोडीने, पाइपाचा खर्च वाचावा म्हणून.

महोत्सवाची गाइड मंडळी इथे एक गोष्ट फार चांगली करतात. पहिल्या अंगणात शिरल्यावर आधी काही सांगत नाहीत. ही जागा किती असेल, असं लोकांना विचारतात. बहुतेक जण बारा-पंधरा मीटर सांगतात. मग जमिनीवर टेप अंथरतात आणि ८ चा आकडा सगळ्यांनी वाकून बघायचा. भोवतीची घरं मुळात बुटकी आखलेली असली की ८ मीटरसुद्धा ऐसपैस वाटतात, हे भाषणाने कळत नाही, टेपने कळतं. त्यानंतर १२ च्या आणि २० च्या जागेत नेऊन तेच पुन्हा. या तीन मोजमापांसाठी फेरीचे पैसे वसूल होतात.

मग गाडी घसरते ती गटाच्या आकारावर. नोंदणीच्या पानावर ‘मर्यादित जागा’ लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात एका गटात ३५ माणसं घेतात. हिशोब करून बघा. ८ बाय ८ म्हणजे ६४ चौरस मीटर. त्यात आता सात-आठ दुचाक्या, एखादं तुळशीवृंदावन, पाण्याचे निळे ड्रम, आणि वरच्या मजल्याला वेगळी वाट हवी म्हणून अंगणात उतरवलेला लोखंडी जिना. उरलेल्या जागेत ३५ माणसं पाठीवर बॅगा घेऊन उभी राहिली की घरातून दूध आणायला निघालेल्या माणसाला स्वतःच्या दारातून ‘जरा सरकता का’ म्हणत बाहेर पडावं लागतं. हे अंगण रस्त्याचा तुकडा नाही, त्या सात घरांची बाहेरची खोली आहे. कोरियांचा सगळा मुद्दाच तो होता, आणि गाइड तो मुद्दा समजावत असतानाच गट तो मोडत असतो. इथे १२ च्या वर माणसं नकोत. फार तर १५. आयोजकांनी एका मोठ्या गटाऐवजी तीन लहान गट वीस-वीस मिनिटांच्या अंतराने सोडले तर तेवढीच तिकिटं विकली जातील आणि कुणी दार लावून घेणार नाही.

कानाला लावायचे रिसीव्हर देतात, ते चांगलं आहे. भोंग्यावर ओरडण्यापेक्षा शंभर पटीने बरं. पण चार्जिंग अर्धवट असलेले संच सकाळच्या दुसऱ्या तासात बंद पडतात, आणि दोन गट जवळ आले की एकाच चॅनेलवर दोन गाइड ऐकू येतात. घेताना बॅटरीची खूण बघा आणि चॅनेल नंबर गाइडशी ताडून घ्या, मगच निघा.

गाइडच्या सांगण्यातली एक गोष्ट मात्र पटत नाही. मूळ घरं पाडून लोकांनी आरसीसीचे दोन-तीन मजले चढवले, उतरती कौलं गेली, हे सगळं ते शोकसभेच्या सुरात सांगतात. वाढीव घर हीच तर या वसाहतीची मूळ कल्पना. लोकांनी वाढवलं, फक्त आर्किटेक्टच्या मनातल्या पद्धतीने वाढवलं नाही. ४५ चौरस मीटरच्या प्लॉटवर दोन पिढ्या राहिल्या की मजला चढणारच. मोलाची गोष्ट ही की घरं बदलली तरी अंगणं बऱ्याच अंशी जागेवर आहेत आणि वळणावळणाच्या वाटा बुजलेल्या नाहीत. आराखडा घरांपेक्षा जास्त टिकला. सहा-सात मूळ घरं शोधून तीच दाखवत राहण्यापेक्षा, बदललेल्या घरांतून आराखडा कसा तगला हे दाखवलं तर फेरी दुप्पट चांगली होईल.

आणि तोटा सांगायचाच तर मोजून सांगावा. मूळ नियम असा होता की कुणाच्याही खिडकीतून शेजाऱ्याच्या खासगी उघड्या जागेत नजर जाऊ नये. तळमजला आणि वर दोन मजले झाले की हा नियम आपोआप मोडतो. सगळ्यांत वरच्या मजल्यावरून सगळ्यांचं सगळं दिसतं. दुसरा तोटा उन्हाचा. डिसेंबरअखेरीला आपल्याकडे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशांच्या आसपास असतो. अंगणाच्या दक्षिणेला ९ मीटर उंच भिंत उभी राहिली तर तिची सावली सव्वाआठ मीटर पडते. अंगण ८ मीटरचं. म्हणजे थंडीत, नेमकं ऊन हवं असतं तेव्हा, जमिनीवर बाराच्या ठोक्यालाही ऊन नाही. तीच भिंत ४ मीटरची असती तर सावली पावणेचार मीटर पडली असती आणि अर्ध्याहून जास्त अंगणात पापड वाळले असते. महोत्सव हिवाळ्यात असल्यामुळे ही गोष्ट डोळ्यांनी दिसते, फक्त दाखवायला हवी. दुपारी बाराची एक फेरी ठेवून खडूने सावलीची रेघ ओढली तर कॉलेजच्या पोरांचा एक अख्खा तास वाचेल.

वाशी स्टेशनची फेरी तुलनेत लहान आणि कोरडी आहे, पण विषय दमदार. मानखुर्दहून खाडी ओलांडून १९९२ मध्ये लोकल वाशीला आली. स्टेशनवरचं कार्यालयांचं संकुल आर्किटेक्ट हफीज कॉन्ट्रॅक्टर यांचं. नवी मुंबईच्या रेल्वेचा खर्च सिडकोने ६७ टक्के आणि रेल्वेने ३३ टक्के उचलला; स्टेशनच्या डोक्यावर आणि आजूबाजूला व्यापारी जागा बांधून विकण्यामागे तो हिशोब आहे. इथे स्टेशन आधी आखून नोडची, म्हणजे शहराच्या त्या उपनगराची, मांडणी त्याभोवती केलेली. नेरूळ, बेलापूरलाही तेच. हे सगळं गाइड नीट सांगतात, पण रविवारी ठेवलेल्या फेरीत कार्यालयं बंद असल्यामुळे संकुलाच्या आत शिरता येत नाही आणि निम्मी फेरी पार्किंगमध्येच होते. शनिवारचा पर्याय असेल तर तो घ्या. ट्रायपॉड घेऊन जाऊ नका, रेल्वेच्या हद्दीत अडवतात. प्लॅटफॉर्मवर नेणार असतील तर प्लॅटफॉर्म तिकीट किंवा पास खिशात ठेवा. गाइड ते सांगायला विसरतात आणि टीसी विसरत नाही.

महापालिका मुख्यालयाची फेरी म्हणजे बाहेरून घुमट आणि ध्वजस्तंभ बघून फोटो काढणं. २०१४ पासून वापरात असलेली ही इमारत बघण्यासारखी आहे, पण त्यासाठी तिकीट काढायची गरज नाही.

आता प्रदर्शनाकडे. प्रवेश मोफत, हॉल मोठा, गर्दी भरपूर. मांडणी आर्किटेक्टनीच केलेली असताना काही चुका होतात याचं आश्चर्य वाटतं. पॅनेल चकचकीत व्हिनाइलवर छापून त्यावर समोरून स्पॉटलाइट मारले आहेत. वाचायला मान वाकडी करावी लागते. मॅट लॅमिनेशन किंवा दिवा तिरपा, दोन्हीपैकी एक केलं असतं तरी भागलं असतं. ५ मिलिमीटरचा सनबोर्ड, म्हणजे पॅनेलचा फोमचा पातळ पत्रा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोपऱ्यांतून वळतो, त्यामुळे खालच्या ओळी भिंतीकडे तोंड करून बसतात. पॅनेलचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास असावा, इथे काही पॅनेलं इतकी वर आहेत की नकाशाची सूची वाचायला टाचा उंचवाव्या लागतात.

पण खरी चूक वेगळी आहे आणि ती बऱ्याच पॅनेलवर आहे. ए-शून्य आकाराच्या कागदावर १:१०० ला, म्हणजे १ सेंटिमीटरला १ मीटर अशा प्रमाणात, काढलेला प्लॅन जागा वाचवायला ए-वन या निम्म्या कागदावर छापला, आणि खाली ‘१:१००’ तसंच ठेवलं. ए-शून्यचा ए-वन करताना लांबी-रुंदी ०.७०७ पटीने घटते, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण १:१४१ च्या घरात गेलं. सकाळी बेलापूरला ८ मीटरचं अंगण पायांनी मोजून आलेला माणूस इथे पट्टी लावतो तर तेच अंगण ५.६६ सेंटिमीटर, म्हणजे पॅनेलच्या म्हणण्याप्रमाणे साडेपाच मीटरच्या वर जेमतेम. छपाईत आकार बदलणार असेल तर आकड्यात प्रमाण लिहायचंच नसतं, पट्टीची आकृती काढायची. कागद लहान होतो तशी तीही लहान होते. पहिल्या वर्षाच्या पोरांना हे शिकवतात. मॉडेलं मात्र उत्तम. १:५० ची माउंटबोर्डची मॉडेलं हात न लावता सगळ्या बाजूंनी बघता येतील अशा उंचीवर ठेवली आहेत, आणि त्यात माणसांच्या आकृत्या योग्य मापाच्या आहेत, हे सहसा चुकतं.

संध्याकाळची व्याख्यानं ऐकली नाहीत तरी काही बिघडत नाही. वक्ते नामांकित असतात, पण वीस मिनिटांचा विषय तासभर चालतो, आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीतून उत्तर मिळतं. ठाण्याहून आलेल्या एका काकूंनी जुन्या वाड्याच्या ओल्या भिंतीवर विचारलेला प्रश्न त्या दिवशीच्या अख्ख्या सत्रातला सर्वांत कामाचा होता, त्यालाही धड उत्तर मिळालं नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर चुन्याच्या कार्यशाळेत मिळतं, आणि बेलापूरखालोखाल हीच गोष्ट पैसे देऊन करण्यासारखी आहे. चालवतात ते खरे गवंडी, हातात थापी धरून आयुष्य गेलेले. आर्किटेक्ट फक्त मधे मधे कारण सांगतात. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो कसा उकळतो ते आधी दाखवतात, म्हणून चष्मा आणि हातमोजे सक्तीचे. विरवलेला चुना पाण्याखाली निदान दोन आठवडे मुरवायचा असतो. न मुरवता वापरला तर अर्धवट विरलेले खडे गिलाव्यात राहतात, पुढे ओल पिऊन फुगतात आणि भिंतीवरून टिकल्या उडतात. मुरलेला चुना गाळून एक भाग, त्याला चाळलेली वाळू तीन भाग. पाणी वरून जवळजवळ घालायचंच नाही, मळून मळून मऊ करायचं. नवखे इथेच पाणी ओततात आणि थर भिंतीवरून घसरतो. भिंत आदल्या दिवसापासून भिजवलेली हवी, नाहीतर कोरडी वीट गिलाव्यातलं पाणी ओढून घेते. एक थर १० ते १२ मिलिमीटर, त्याहून जाड नको. जाड झाला की वाळताना आकसतो आणि केसासारख्या भेगा पडतात. त्या दिसल्या तर थर पूर्ण कडक व्हायच्या आत रंध्याने पुन्हा दाबून घ्यायचा. गूळ आणि हिरड्याच्या पाण्यावर गवंड्यांचं आपसातलं भांडण ऐकण्यासारखं असतं, दोघांचं प्रमाण जुळत नाही.

काकूंच्या भिंतीचं उत्तर असं: चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की जोत्यातून वर चढलेली ओल बाहेर पडत नाही. ती आतच वाट शोधत वर सरकते आणि सिमेंटचा पट्टा जिथे संपतो त्याच्या वर रंग उडवते. मग लोक पट्टा आणखी उंच करतात आणि ओलही आणखी वर जाते. ठाण्यात तलावपाळीच्या आसपासच्या जुन्या घरांत हा प्रकार हमखास दिसतो. सिमेंट काढून चुना लावणं हाच उपाय, आणि तोही ओल कुठून येते ते पाहिल्यावर.

कार्यशाळेची अडचण वेळेची. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो, आणि त्याला दिवस नव्हे, आठवडे लागतात. सकाळी लावलेला गिलावा संध्याकाळी बोटाने दबतो, त्यामुळे लोकांना वाटतं काहीतरी चुकलं. आयोजकांनी महिनाभर आधी एक भिंत करून ठेवावी आणि ताज्या भिंतीशेजारी दाखवावी. खाडीवरचा वारा थर फार लवकर सुकवतो, म्हणून ओली गोणपाटं टांगली आहेत, ते अगदी बरोबर.

मैदानातला बांबूचा मंडप लांबून देखणा दिसतो, जवळ गेलात तर दोन गोष्टी बघा. काही खांबांच्या तळाशी पिवळसर भुकटी पडली आहे, म्हणजे भुंगा लागला आहे. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात बुडवून न ठेवलेला, किंवा तीन वर्षांच्या आतला कोवळा बांबू वापरला की हे होतंच. दुसरं, बोल्टची भोकं पेरापासून लांब, पोकळ भागात पाडली आहेत आणि तिथून उभी चीर गेली आहे. भोक पेराजवळ घ्यावं, किंवा सरळ दोरीने बांधावं. कोकणातला माणगा जातीचा बांबू जवळजवळ भरीव असतो, तो आणला असता तर निम्मा प्रश्न मिटला असता. दहा दिवसांच्या मंडपाला एवढं कशाला, असं कुणी म्हणेल. पण शिकवण्यासाठीच उभा केला आहे तो.

आता राग येतो ती गोष्ट. महोत्सव स्वतःला ‘स्थानिक वास्तुकलेचा’ म्हणवतो. हे शहर ३४४ चौरस किलोमीटरवर, ९५ गावांच्या जमिनीवर उभं आहे. आगरी-कोळी गावठाणं आजही नोडांच्या मधोमध आहेत. प्रदर्शनातल्या शहराच्या भल्यामोठ्या नकाशावर मात्र ती राखाडी ठिपक्यांसारखी, नावाशिवाय. ओटी-पडवीचं घर, कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा, पावसाची झड अडवायला खाली ओढलेली पाखं, आणि आज त्याच जागी जिन्याला जिना टेकवून उभ्या असलेल्या इमारती, यावर एक पॅनेल नाही, एक फेरी नाही. पाऊस, ओल, कमी जागा, वाढतं कुटुंब या चारही प्रश्नांची उत्तरं या गावांनी आर्किटेक्टशिवाय काढली आहेत, काही चांगली, काही धोक्याची. आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये लोकांनी केलेले बदल समजून घ्यायचे तर शेजारचं बेलापूर गाव बघणं भाग आहे, दोन्ही एकाच सकाळीत होतं. फेरी गावातल्याच कुणीतरी न्यावी, मानधन देऊन.

नोंदणीचं थोडक्यात. फेऱ्यांच्या जागा पहिल्या दोन दिवसांत भरतात, पण आदल्या रात्री रद्द झालेली तिकिटं पुन्हा दिसू लागतात, तेव्हा परत बघा. बेलापूरला सकाळी ७ चा गट घ्या. ९ च्या गटाला ऊन लागतं आणि वसाहतीतली वर्दळही वाढलेली असते. चपला सपाट तळाच्या घाला. वाटा ठिकठिकाणी पेव्हरच्या, उतार आणि पायऱ्या आहेत, चाकाच्या खुर्चीला ही फेरी जमणार नाही आणि आयोजक तसं कुठेही लिहीत नाहीत. वाटेत स्वच्छतागृह नाही, स्टेशनवरच आटपून घ्या. दारं-खिडक्या, वाळत घातलेले कपडे, खेळणारी मुलं यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. चुन्याच्या कार्यशाळेला पूर्ण बाह्यांचे जुने कपडे घाला, अंगठ्या घरी ठेवा, आणि हात धुतल्यावर खोबरेल लावा.

ठाण्याहून येणाऱ्यांनी ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल धरून सीबीडी बेलापूरला उतरावं. स्टेशनपासून वसाहतीपर्यंत रिक्षाने दहाएक मिनिटं. रविवार असेल तर आदल्या दिवशी हार्बर आणि ट्रान्स-हार्बर दोन्हीचा मेगाब्लॉक तपासा. ब्लॉक बहुधा अकराच्या सुमाराला सुरू होतो, आणि फेरी संपते साडेदहाला.